चेहऱ्यासाठी जुनी लेन्स: मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याला कोणती निवडावी?

फोनमधल्या ‘पोर्ट्रेट मोड’मुळे चेहऱ्यामागचे सारे काही पुसट झालेले पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना लागली आहे. ते पुसटपण मात्र फोनने नंतर हिशेबाने चढवलेले असते आणि केसांच्या कडेशी ते बहुधा उघडे पडते. ज्या फोटोंची ही नक्कल आहे ते लाकडी कॅमेरा, काळे कापड आणि तळहाताहून मोठी फिल्म यांच्या साह्याने काढले जात. अलीकडे फिल्मकडे वळलेल्या हौशी मंडळींपैकी काहीजण आता त्या कॅमेऱ्यांपर्यंत येऊन पोचले आहेत आणि तेथे त्यांचे पहिले अडते ते लेन्सपाशी. पेट्झव्हाल, हेलियार, व्हेरिटो, इमॅगॉन अशी नावे कानांवर पडतात. प्रत्येक नावाचे भक्तही असतात. नवखा माणूस एखाद्या नावावर भाळून लेन्स घेऊन मोकळा होतो आणि ती आपल्या कॅमेऱ्याला पेलवत नाही, हे त्याला घरी आल्यावर कळते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी फिल्मचा आकार, मग समोरच्या माणसापासूनचे अंतर, मग शटर, आणि लेन्सचे नाव सर्वांत शेवटी, असा विचार केला तर निवड पुष्कळ सोपी होते.

मोठी फिल्म म्हणजे किती मोठी?

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नसतो. फिल्मची सुटी पाने एकेक करून होल्डरमध्ये भरावी लागतात. ४×५ इंच, ५×७ इंच आणि ८×१० इंच हे तिचे रूढ आकार आहेत. नेहमीच्या ३५ मि.मी. फिल्मवरील एका चौकटीच्या तुलनेत ४×५ च्या पानाचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा पट, तर ८×१० चे जवळजवळ साठ पट भरते. कॅमेरा म्हणजे पुढे लेन्स बसवण्याची पाटी, मागे घासलेली काच आणि या दोहोंमध्ये लांब-आखूड होणारा भाता, इतकेच असते. काचेवर उलटी प्रतिमा पाहून फोकस साधायचा, मग काचेच्या जागी होल्डर सरकवायचा.

दोन संज्ञा येथेच समजून घेऊ. खूप दूरची वस्तू फोकसमध्ये असताना लेन्स आणि फिल्म यांच्यात साधारण जे अंतर असते ती लेन्सची फोकल लेंथ. या फोकल लेंथला लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागले की अॅपर्चरचा आकडा मिळतो. म्हणजे ३०० मि.मी.च्या लेन्सचे तोंड ६७ मि.मी. असेल तर ती एफ/४.५ ची लेन्स झाली. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे आणि प्रकाश जास्त. हा भागाकार पुढे शटरच्या वेळी फार उपयोगी पडणार आहे.

आधी अंतर ठरवा

‘पोर्ट्रेट लेन्समुळे चेहरा चांगला दिसतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण नाक मोठे दिसणे वा न दिसणे हे लेन्सवर अवलंबून नसून आपण किती अंतरावर उभे आहोत यावर अवलंबून असते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर अंतर धरले, तर साठ सेंटिमीटरवरून पाहताना नाक कानाच्या तुलनेत वीस टक्के मोठे उमटते, आणि दीड मीटरवरून पाहताना हाच फरक आठ टक्क्यांवर येतो. चेहऱ्यासाठी एक ते दोन मीटर हे अंतर सोयीचे का, याचे उत्तर या हिशेबात आहे. त्याहून जवळ गेले तर चेहरा फुगतो. फार दूर गेले तर तो सपाट होतो, शिवाय बसलेल्या माणसाशी बोलणेही तुटते.

आता डोके आणि खांदे मिळून अर्धा मीटर उंचीचा भाग फोटोत घ्यायचा आहे असे समजू. ४×५ च्या फिल्मवर हा भाग प्रत्यक्षाच्या एक चतुर्थांश आकाराचा उमटतो आणि त्यासाठी कॅमेरा फोकल लेंथच्या पाचपट अंतरावर ठेवावा लागतो. ८×१० वर तोच भाग निम्म्या आकाराचा उमटतो आणि अंतर फोकल लेंथच्या तिप्पट होते. म्हणजे ४×५ वरची नेहमीची १५० मि.मी.ची लेन्स आपल्याला पाऊण मीटरवर आणून उभी करते. हे फार जवळ झाले. २४० मि.मी.ची लेन्स सव्वा मीटरच्या जरा अलीकडे, तर ३०० ची दीड मीटरवर नेते. ८×१० वर ३६० मि.मी.ची लेन्स एक मीटरच्या थोडे पलीकडे आणि ४८० ची दीड मीटरच्या जवळपास नेते. त्यामुळे ४×५ साठी २१० ते ३०० आणि ८×१० साठी ३६० ते ४८० मि.मी. हा चेहऱ्यासाठीचा व्यवहार्य पल्ला ठरतो. कोणत्याही नावाचा मोह होण्याआधी हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

भात्याचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. वरच्या उदाहरणात ४×५ वर भाता फोकल लेंथच्या सव्वापट आणि ८×१० वर दीडपट ताणावा लागतो. ३०० च्या लेन्सला ३७५ मि.मी., आणि ४८० च्या लेन्सला चक्क ७२० मि.मी. भाता लागतो. अनेक प्रेस कॅमेऱ्यांचा (वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हातात धरून वापरत त्या कॅमेऱ्यांचा) भाता ३०० मि.मी.च्या आसपास संपतो, म्हणून त्यांच्यावर २४० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही. भाता ताणला की प्रकाशही पांगतो. ८×१० वर डोके-खांदे घेताना प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सांगितलेल्या वेळेच्या सव्वादोन पट वेळ द्यावा लागतो. हे विसरले की निगेटिव्ह हमखास पातळ येते.

इतक्या जवळून फोटो घेण्याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. ८×१० वर एफ/५.६ ला डोके-खांदे घेतले तर जेमतेम सव्वा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. पापण्या स्पष्ट आल्या तर कानाची पाळी विरघळते. बसलेला माणूस श्वास घेताना तेवढा हलतोच, म्हणून पाठ टेकता येईल अशी खुर्ची ही येथे लेन्सइतकीच गरजेची वस्तू आहे. चेहरा किंचित वळलेला असेल, तर लेन्सची पाटी थोडी फिरवून दोन्ही डोळे एकाच स्पष्ट पातळीत आणता येतात. ही सोय मोठ्या कॅमेऱ्यातच मिळते आणि माझ्या मते ती कोणत्याही दुर्मिळ लेन्सपेक्षा मोलाची आहे.

मृदू म्हणजे अस्पष्ट नव्हे

जुन्या लेन्सच्या ज्या मृदुतेचे एवढे कौतुक होते ती फोकस चुकल्याने येत नाही. साध्या वक्र काचेच्या कडेतून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एकाच बिंदूवर मिळत नाहीत. कडेचे किरण थोडे अलीकडेच एकत्र येतात. या दोषाला गोलीय विपथन म्हणतात. तो पूर्ण काढून टाकला तर लेन्स धारदार होते; बेतशीर ठेवला तर मधल्या किरणांची स्पष्ट प्रतिमा आणि तिच्यावर कडेच्या किरणांचा पातळ उजेड, असे दोन थर एकत्र उमटतात. रांगोळीची रेघ नेमकी ओढलेली आहे आणि तिच्या आजूबाजूला थोडी पूड उडालेली आहे, तसे हे दिसते. फोकस चुकलेला फोटो म्हणजे त्याच रांगोळीवरून फिरलेला हात.

हा उजेड नेहमी कडेच्या किरणांतून येत असल्यामुळे अॅपर्चर लहान केले, म्हणजे लेन्सची कड झाकली, की तो कमी होतो. अशा लेन्सवर अॅपर्चरचे कडे हे प्रकाशाइतकेच मृदुतेचेही नियंत्रक असते. अॅपर्चर बदलले की फोकसची जागाही सरकते, म्हणून ज्या अॅपर्चरवर फोटो घ्यायचा त्याच अॅपर्चरवर फोकस साधावा. पूर्ण उघड्या लेन्सवर फोकस करून मग अॅपर्चर लहान करणाऱ्याची निराशा ठरलेली असते आणि दोष मात्र लेन्सला लागतो.

पेट्झव्हालपासून इमॅगॉनपर्यंत

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची प्रक्रिया जाहीर झाली तेव्हा तिच्या लेन्स इतक्या मंद होत्या, की माणसाला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झव्हाल यांनी १८४० मध्ये केवळ आकडेमोडीच्या बळावर नवी लेन्स आखली. या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील गणनात कुशल माणसांची मदत मिळाली होती. ही लेन्स भिंगे बनवणाऱ्या फोइग्टलेंडर यांनी तयार केली. तिचे अॅपर्चर एफ/३.६ च्या आसपास होते. आधीच्या लेन्सपेक्षा ती पंधरा ते वीस पट प्रकाश देई. चेहऱ्याच्या छायाचित्रणाचा धंदा उभा राहिला तो तिच्यामुळे. पेट्झव्हालची प्रतिमा मध्यभागी अतिशय तीक्ष्ण असते आणि कडेकडे झपाट्याने ढासळते. झाडीची पार्श्वभूमी कडांना गोल फिरल्यासारखी दिसते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तो भोवरा प्रत्येक पेट्झव्हालमध्ये दिसेलच असे नाही. फिल्मच्या कडा लेन्सच्या प्रतिमावर्तुळाच्या, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात प्रतिमा पाडते त्याच्या, काठापर्यंत पोचल्या तरच तो उमटतो. ४×५ वर १८० ते २०० मि.मी.ची पेट्झव्हाल लावली तर तो दिसेल. ३०० ची लावली तर फिल्मच्या वाट्याला फक्त मधला शहाणा भाग येतो आणि पैसे ज्यासाठी मोजले ती गोष्टच गायब होते. पुन्हा अंतराचा नियम आठवा: १८० ची लेन्स चेहऱ्यासाठी फार जवळ नेते. म्हणून भोवरा हवा असेल तर कमरेपर्यंतचा किंवा पूर्ण उभा माणूस घ्यावा.

१८६६ मध्ये लंडनचे लेन्स बनवणारे डालमायर यांनी पेट्झव्हालच्या रचनेत बदल करून मागची काच थोडी फिरवून मृदुता वाढवता येईल अशी पोर्ट्रेट लेन्स काढली. मृदुता हा दोष न राहता विकत घेण्याजोगा गुण झाला, तो साधारण याच काळात. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी इंग्लंडमध्ये जामँच्या पेट्झव्हाल जातीच्या लेन्सने काढलेल्या चेहऱ्यांवर समकालीनांनी ‘फोकस चुकला’ म्हणून टीका केली. कॅमेरॉन यांचे म्हणणे असे, की प्रतिमा सुंदर दिसली की त्या तेथेच थांबत. लेन्स आणखी फिरवून ती रेखीव करण्याची त्यांना गरज वाटत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या मृदुतेचा बाजारच भरला. बॉस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथ यांच्या लेन्स कलावंत छायाचित्रकारांच्या हाती गेल्या. आज त्या संग्राहकांमुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत. रॉचेस्टरच्या वोलेन्सॅक कंपनीची व्हेरिटो मात्र गावोगावच्या स्टुडिओंसाठी बनली आणि ती आजही त्या मानाने सुलभ आहे. एफ/४ ला ती दाट धुक्यासारखी मृदू असते. एफ/८ च्या आसपास बरीच सावरते. सुरुवात करणाऱ्याने तिच्यावर एफ/५.६ ते एफ/६.३ या टप्प्यात खेळावे. पूर्ण उघडी व्हेरिटो हा चेहऱ्यापेक्षा लेन्सचाच फोटो होतो. जर्मनीत हाइन्रिश क्यून आणि फ्रान्ट्स श्टेबले यांच्या प्रयत्नांतून आलेल्या रोडेनश्टॉकच्या इमॅगॉनने वेगळी युक्ती केली. तिच्या पुढे भोके पाडलेल्या चकत्या बसतात. मधल्या मोठ्या भोकातून स्पष्ट प्रतिमा आणि भोवतीच्या लहान भोकांतून उजेडाचा थर येतो. त्या चकत्यांशिवाय विकायला आलेली इमॅगॉन अर्धीच समजावी.

या सर्वांपासून वेगळी वाट हेलियारची आहे. १९०० साली फोइग्टलेंडरसाठी हान्स हार्टिंग यांनी आखलेली ही पाच काचांची लेन्स मुळात मृदू नाहीच. फोकसमधला भाग स्पष्ट, आणि तेथून मागे सरकताना स्पष्टता हळूहळू, गुळगुळीतपणे मावळते. तिचे चाहते बोलतात ते या मावळण्याबद्दल. १९०२ मध्ये झाइसच्या पाउल रुडोल्फ यांनी काढलेली टेसर चार काचांची आणि अधिक रेखीव. तिच्या जातीच्या लेन्स असंख्य कंपन्यांनी बनवल्या. कोडॅकची कमर्शियल एक्टार याच जातीतली, आणि ओटावाचे छायाचित्रकार युसुफ कार्श यांच्या ८×१० कॅमेऱ्यावर १४ इंची (सुमारे ३५५ मि.मी.) कमर्शियल एक्टार असे. कार्श यांचे चेहरे मृदू नाहीत. त्वचेचा कण न् कण त्यांत दिसतो. तरीही त्यांना ‘क्लासिक पोर्ट्रेट’ म्हणायला कोणी कचरत नाही.

‘हे सारे संगणकावर करता येणार नाही का?’

उजेडाचा थर संगणकावर चढवता येतो, हे खरे आहे. पण लेन्समधला थर प्रत्यक्ष प्रकाशाचा असतो. खिडकीच्या उजेडात चमकणारा कपाळाचा भाग सावलीपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश पांगवतो, आणि हे प्रमाण फिल्मवर पोचण्याआधीच ठरलेले असते. नंतर चढवताना फिल्मने नोंदवलेल्या करड्या छटांवरच काम करावे लागते आणि चमक हिशेबाने अंदाजावी लागते. लेन्सपुढे लावायच्या मृदू फिल्टरची गोष्ट निराळी आहे. त्यांचा परिणाम बरा येतो, खर्चही कमी येतो, आणि ज्याला वर्षातून दोनदाच मृदू फोटो हवा आहे त्याने फिल्टरच घ्यावा.

जुन्या काचेवर प्रकाश परतणे कमी करणारा लेप नसतो, मग प्रतिमा फिकट येणार नाही का, अशीही एक शंका असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार-पाच टक्के प्रकाश परततो. पेट्झव्हाल, टेसर आणि हेलियार या तिन्ही रचनांत हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच असल्यामुळे एकूण सुमारे पाव भाग प्रकाश वाया जातो. त्यातला थोडा आत फिरून सावल्या उजळतो. खोल हूड लावला आणि खिडकी लेन्सच्या तोंडावर येऊ दिली नाही, तर हे उणेपण सहज निभावते. कृष्णधवल फिल्मवर तर उजळलेल्या सावल्या पुष्कळदा हव्याशाच वाटतात.

शटर: जेथे खरी अडचण येते

जुन्या पोर्ट्रेट लेन्सपैकी बहुतेक नुसत्या पितळी नळीत असतात; त्यांना शटर नसते. ‘मग शटरमध्ये बसवून घेऊ’ असे म्हणण्याआधी वरचा भागाकार आठवावा. आधुनिक कोपाल शटरांपैकी सर्वांत मोठ्या तीन नंबरच्या शटरचे तोंड ४५ मि.मी. असते. ३६० मि.मी.च्या लेन्सला एफ/४.५ साठी ८० मि.मी. तोंड लागते, ते या शटरात बसणे अशक्य. बसवली तरी तिची एफ/८ ची लेन्स होईल आणि जुन्या लेन्सचा सारा स्वभाव एफ/८ च्या अलीकडेच असतो. १४ इंची कमर्शियल एक्टारला एफ/६.३ साठी सुमारे ५६ मि.मी. तोंड पुरते, म्हणून ती पाच नंबरच्या मोठ्या आयलेक्स शटरात मिळते. मात्र त्या शटरचा कमाल वेग १/५० सेकंदच आहे.

नळीतल्या लेन्ससाठी तीन वाटा उरतात. लेन्सच्या मागे बसणारे, रबरी फुग्याने दाबायचे पॅकार्ड शटर ही स्टुडिओंची जुनी वाट. पडदा फिल्मपाशीच असलेला स्पीड ग्राफिकसारखा कॅमेरा ही दुसरी. पण त्या कॅमेऱ्यावर जड लेन्स पेलत नाही. तिसरी वाट बिनखर्चाची आहे: लेन्सचे झाकण काढायचे आणि लावायचे. खिडकीच्या उजेडात १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा; तो जितका मोठा, तितका प्रकाश कमी लागतो) फिल्मला एफ/४.५ वर साधारण १/६ सेकंद लागतो. भात्याची भर धरली तर ८×१० वर तो १/३ सेकंदाच्या पुढे जातो. २५ च्या आसपास आयएसओ घेतला तर तो सव्वा-दीड सेकंद होतो, आणि एवढा वेळ झाकणाने नीट मोजता येतो. उलट बाहेरच्या मोकळ्या सावलीत ४०० आयएसओची फिल्म घातली तर त्याच लेन्सला १/८०० सेकंद हवा, जो यांपैकी बहुतेक साधनांना झेपत नाही. वेगवान फिल्म नेहमीच सोयीची असते हा समज येथे उपयोगाचा नाही.

जुनी लेन्स हातात आल्यावर

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८९६ मध्ये राजा दीनदयाळ यांनी तेथे स्टुडिओ उघडला, त्यामुळे आपल्याकडे जुन्या काचा नाहीत असे नाही. चोरबाजारात, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यांवर, केरळातील अलप्पुळा येथे बनलेल्या लाकडी वागीश्वरी कॅमेऱ्यांच्या तोंडाशी त्या सापडतात. लेन्स हाती घेतली की मागून विजेरी धरून पुढून पाहावे. समोरच्या काचेवरचे दोन-चार बारीक ओरखडे प्रतिमेत दिसत नाहीत, त्यांची भीती बाळगू नये. आत दुधाळ पडदा दिसला तर तो बहुधा पुसता येतो. मात्र चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये कडेकडून आत शिरणारे पिवळसर किंवा इंद्रधनुषी डाग म्हणजे डिंक सुटला आहे. ते दुरुस्त करणारे कारागीर फार थोडे. आपल्या दमट हवेत काचेवर बुरशीच्या जाळ्याही असतात; जाळीखाली काच कोरली गेली असेल तर ती लेन्स सोडून द्यावी.

पेट्झव्हाल घेताना मागच्या दोन सुट्या काचा तपासाव्यात. शंभर वर्षांत कोणीतरी पुसताना त्या बऱ्याचदा उलट बसवलेल्या असतात, आणि मग मधली तीक्ष्णताही हरवते. नळीच्या पाठीवर उभी फट असेल तर ती वॉटरहाऊस पट्ट्यांसाठी आहे. वेगवेगळ्या भोकांच्या या पट्ट्या सरकवून अॅपर्चर बदलत. पट्ट्या हरवल्या असल्या तरी काळ्या पुठ्ठ्याच्या कापून घेता येतात. फट नसलेली पेट्झव्हाल बहुधा मॅजिक लँटर्नमधून, म्हणजे पडद्यावर चित्रे पाडणाऱ्या जुन्या दिव्यातून, काढलेली असते; स्वस्त असते आणि कामही देते, पण तिचे अॅपर्चर बदलत नाही. लेन्स पाटीवर आवळणारी आटेदार चकती सोबत आहे ना, हे पाहायला मात्र विसरू नये. ती नसली तर लेथवर नव्याने कातून घ्यावी लागते.

मग पहिली लेन्स कोणती?

४×५ साठी मी २१० किंवा २४० मि.मी.ची, शटरमध्ये बसलेली टेसर जातीची एफ/४.५ ते एफ/६.३ लेन्स सुचवेन. ती फारशी मिरवता येत नाही, पण अंतर, भाता, फोकस आणि शटर या चारही गोष्टी तिच्यावर शिकता येतात. ८×१० वाल्याने थेट १४ इंची कमर्शियल एक्टार शोधावी. त्यानंतरही चेहरे फार कोरडे वाटले तर हेलियार, आणि प्रकाश पसरलेलाच हवा असेल तर व्हेरिटो. पेट्झव्हाल मी पहिली म्हणून कोणालाही सुचवणार नाही.

नवी लेन्स आल्यावर महागडी फिल्म लगेच खर्ची घालू नये. डार्करूमचा फोटो कागद होल्डरमध्ये कापून बसवला तर तो तीन ते सहा आयएसओची निगेटिव्ह देतो आणि लाल दिव्यात धुता येतो. कागदाला लाल रंग दिसत नसल्यामुळे त्वचेवरचे डाग गडद येतील, ते लेन्सच्या खात्यावर मांडू नयेत. एकच माणूस, एकच खुर्ची आणि एकच खिडकी ठेवून पूर्ण उघड्या अॅपर्चरपासून एफ/११ पर्यंत एकेक पायरी घ्यावी, प्रत्येक वेळी फोकस नव्याने साधावा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने अॅपर्चर लिहावे. नंतर सगळे कागद अंतिम प्रिंटच्या आकारातच शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, कारण ८×१० च्या कॉन्टॅक्ट प्रिंटवर (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तिच्याच आकारात काढलेल्या प्रिंटवर) जेमतेम जाणवणारी मृदुता ४×५ च्या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराचे प्रिंट काढताना दुप्पट होते.